आठवीतल्या मुलाच्या हातात मोबाईल: नेमकं काय काय बंद करायचं?

गोदाकाठ
मुलगा आठवीत गेला. क्लासच्या नोट्स, शाळेचा गृहपाठ, बसवाल्या काकांचा ग्रुप, सगळंच मोबाईलवर येतं, म्हणून माझा जुना फोन त्याला दिलाय. त्यावरून घरात दोन पक्ष पडलेत. नवरा म्हणतो, दहावी होईपर्यंत बटणांचाच फोन. सासूबाई म्हणतात, तो बिचारा मलाच सगळं शिकवतो, त्याला कोण फसवणार!

धागा काढायचं कारण वेगळं आहे. त्याच्या मित्राच्या बाबतीत एक प्रकार झालाय (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). एका गेममध्ये खेळता खेळता एक 'दादा' भेटला. गेममधले डायमंड फुकट दिले, चांगल्या टीममध्ये घेतलं, रोज रात्री "जेवलास का" विचारायचा. मग म्हणाला, इथलं चॅट नीट चालत नाही, दुसऱ्या ॲपवर ये. तिथे गप्पा, मग "बॉडी बनवतोयस ना, दाखव" म्हणत शर्ट काढलेला फोटो, आणि मग त्याच्या पुढचा. तो फोटो मिळाल्यावर भाषाच बदलली. पोराच्या फॉलोअर लिस्टचा स्क्रीनशॉट त्यालाच पाठवला: आई, मावशी, क्लासच्या मॅडम, सगळ्यांच्या नावांवर लाल गोल. खाली एक यूपीआय आयडी. पोराने आईच्या फोनवरून दोन-तीनदा पैसे पाठवले. घरात कुणालाच सांगितलं नाही, माझ्या मुलाला सांगितलं, आणि त्यालाही शपथ घातली. मला हे काल कळलं.

तर प्रश्न दोन. माझ्या मुलाच्या फोनवर काय काय बंद करू? आणि त्या मित्राचं काय करायचं? त्याच्या आईला मी ओळखते, पण कसं सांगू कळत नाहीये.

चहाबाज
सोपं आहे. सगळे पासवर्ड आपल्याकडे घ्यायचे, रोज रात्री फोन तपासायचा, नऊनंतर कपाटात. आमच्याकडे हेच चालतं, काही प्रॉब्लेम नाही.

एकोणीस_पूर्ण
@चहाबाज, राग मानू नका काका, पण प्रॉब्लेम नाही की दिसत नाही? मी आत्ता फर्स्ट इयरला आहे, आमच्या वर्गात ज्यांचे फोन रोज तपासले जायचे त्यांची दोन-दोन अकाउंट होती. एक आईबाबांना दाखवायचं, त्यावर किल्ल्यांचे फोटो आणि गणपती. दुसरं मित्राच्या फोनवरून चालवायचं. मेसेज आपोआप गायब होण्याची सोय बऱ्याच ॲप्समध्ये आहे, रात्री तपासायला उरतंच काय?

गोदाकाठ, तो मुलगा घरी का बोलला नाही ते सांगू का? ब्लॅकमेलवाल्याची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती ही असते की सांगितलं की फोन जाणार, गेम जाणार, क्लासचा ग्रुप जाणार आणि वर वर्षभर ऐकून घ्यावं लागणार. म्हणजे ज्याला फसवलं शिक्षा त्यालाच. मग पोरं स्वतःच निस्तरायला जातात आणि आणखी अडकतात.

चहाबाज
तुझं अकाउंट कुठलं होतं, किल्ल्यांचं का? :)

एकोणीस_पूर्ण
दोन्ही.

स्क्रू_ड्रायव्हर
पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. सेटिंगांच्या आधी एक तपासा: फोनमधल्या अकाउंटवर जन्मतारीख काय टाकली आहे? दहापैकी निम्म्या घरांत "तेरा पूर्ण नाहीत म्हणून घेत नव्हतं" म्हणत पालकांनीच जन्मसाल मागे सरकवलेलं असतं. कंपनीच्या लेखी तो पंचवीस वर्षांचा बाप्या. मग मुलांसाठी म्हणून जे काही बंद ठेवलेलं असतं ते त्याला लागूच होत नाही. उदा. इन्स्टाग्रामचं 'टीन अकाउंट' भारतात २०२५ पासून आहे. वय खरं असेल तर खातं मुळातच प्रायव्हेट राहतं, ज्यांच्याशी आधीच जोडलेलो आहोत त्यांचेच मेसेज येतात, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन गप्प, आणि सोळाच्या आतल्या मुलाला यात सूट हवी असेल तर पालकांची परवानगी लागते. हे सगळं एका खोट्या सालामुळे जातं. वय बदलता येत नसेल तर नवं खातं खऱ्या तारखेने काढा, फॉलोअर्स गेले तर जाऊ देत.

गेममध्ये: व्हॉइस आणि टेक्स्ट चॅट 'फक्त मित्र' किंवा बंद. अनोळखी फ्रेंड रिक्वेस्ट बंद. बहुतेक गेममध्ये हे सेटिंग असतं, पण तीन मेनू आत दडवलेलं.

व्हॉट्सॲप: प्रायव्हसीत जाऊन ग्रुपमध्ये कोण ॲड करू शकतं ते 'माय कॉन्टॅक्ट्स' करा, प्रोफाइल फोटोही तसाच. 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून बघा, अनोळखी कॉम्प्युटर दिसतोय का. टू-स्टेप पिन टाका.

गूगलचं फॅमिली लिंक (पालकांनी मुलाच्या फोनवर लक्ष ठेवायचं ॲप): नवं ॲप तुमच्या मंजुरीशिवाय उतरत नाही, वेळ ठरवता येते, फोन कुठे आहे दिसतं. पण त्यात मुलाचे मेसेज वाचता येत नाहीत. 'फॅमिली लिंक आहे म्हणजे सगळं कळतं' हा गैरसमज मी रोज ऐकतो. वरच्या प्रकरणातला 'दादा' फॅमिली लिंकला दिसलाच नसता.

आणि तुमच्या स्वतःच्या फोनवर यूपीआय ॲपला वेगळं लॉक लावा, पिन वाढदिवसाचा ठेवू नका. पोरांना तो पाठ असतो.

उंबरा
माझ्या मते यातलं निम्मं उगाचच घाबरवणं आहे. २०१७ मध्ये ब्लू व्हेलचा, म्हणजे चॅलेंज देत देत पोरांना आत्महत्येपर्यंत नेणारा म्हणे तो ऑनलाइन गेम, त्याचा केवढा धुरळा उडाला होता आठवतंय? शाळाशाळांतून पत्रकं, चॅनेलवर चर्चा, प्रत्येक आत्महत्येच्या मागे तोच गेम. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने संसदेत सांगितलं की तपासात तसा पुरावा सापडला नाही. मग मोमो आलं, ते भुताच्या चेहऱ्याचं चॅलेंज, तेही थोतांड. आईबाप ब्लू व्हेल शोधत बसले आणि पोरं भलत्याच ठिकाणी गुंतली.

शमी
@उंबरा, पूर्ण सहमत, आणि म्हणूनच गोदाकाठचं प्रकरण वाचून जास्त काळजी वाटली. त्यात चॅलेंज नाही, भुताचा चेहरा नाही. "जेवलास का" विचारणारा माणूस आहे. माझ्या मुलीला मी अनोळखी माणसाशी बोलू नकोस असं सांगायचे. ती म्हणाली, "आई, पंधरा दिवस रोज बोलला की तो अनोळखी कुठे राहतो?" आता मी तिला माणसं ओळखायला सांगत नाही, मागण्या ओळखायला सांगते. कुणीही, अगदी ओळखीचा असला तरी, 'दुसऱ्या ॲपवर ये', 'घरी सांगू नकोस', 'फोटो पाठव', 'ओटीपी सांग' यातलं काही म्हणाला, की तिथे थांबायचं आणि मला हाक मारायची. हाक मारली की ओरडा नाही, हा करार. एकदा तो पाळायची वेळ आली तेव्हा जीभ चावून गप्प बसले होते, ते सोपं नव्हतं.

कृष्णाकाठचा_मास्तर
चर्चा छान चालू आहे पण सगळे धरून चाललेत की पोराला स्वतःचा फोन आहे. माझ्या शाळेत (सांगली जिल्हा) बहुतेक घरांत फोन एकच, तो आईचा नाहीतर थोरल्या भावाचा. खातं आईचं, यूट्यूबवर दिसतं ते भावाने काल रात्री जे पाहिलं त्याच्या हिशोबाने, आणि हातात सहावीची पोर. इथे फॅमिली लिंक लावणार कुणाच्या खात्यावर?

'असर' या शिक्षणाच्या पाहणीचा २०२४ चा ग्रामीण भागाचा अहवाल बघा. १४ ते १६ वयाच्या ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला असं सांगणारी ५७ टक्के, सोशल मीडियासाठी ७६ टक्के. सोशल मीडिया वापरणाऱ्यांपैकी कुणाला ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं हे साधारण ६२ टक्क्यांना माहीत होतं, प्रोफाइल प्रायव्हेट कशी करायची हे त्याहून कमी जणांना. म्हणजे दहा पोरांत चार जणांना दार कसं लावायचं तेच ठाऊक नाही. मी हे संगणकाच्या तासाला शिकवायला घेतलं. फळ्यावर फोनचं चित्र काढून, कारण वर्गात फोन आणता येत नाही.

घरात एकच फोन असेल तर: अँड्रॉइडमध्ये दुसरा युजर तयार करता येतो, काही फोनमध्ये त्याला 'सेकंड स्पेस' म्हणतात. ते जमत नसेल तर 'ॲप पिन' आहे: एक ॲप उघडून अडकवून ठेवायचं, पिन टाकल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नाही. पालकसभेत आयांना हे करून दाखवलं. गॅलरी, व्हॉट्सॲप आणि पैशाचं ॲप पोरांच्या हातून सुटलं म्हणून त्या खूश.

जाता जाता, आमच्याच जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरचे टीव्ही, मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. बातम्या खूप झाल्या. त्याच वर्षी यवतमाळच्या पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने तर अठराच्या आतल्यांना मोबाईलबंदीचा ठराव केला, दंडासकट. मला भोंगा जास्त पटतो, कारण तो थोरांनाही लागू आहे. बापाने रील बघत पोराला "फोन ठेव" म्हणायचं, याला काही अर्थ नसतो.

ताकभात
भोंगा पुण्यात वाजवला तर सोसायटीच्या ग्रुपवर भोंग्याविरुद्ध दोनशे मेसेज पडतील, तेही सात ते साडेआठ या वेळात.

मेलबर्नकर
बंदीचा विषय निघालाय म्हणून आमच्याकडचं सांगते. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांना सोशल मीडियावर खातं ठेवता येत नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, एक्स, यूट्यूब वगैरे यादीत आहेत. भारतातल्या नातेवाइकांना एक गोष्ट सारखी समजवावी लागते: यात मुलाला किंवा आईबापांना दंड नाही. जबाबदारी कंपनीची, आणि दंड ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत.

आता घरातलं चित्र. माझी चौदा वर्षांची लेक पहिला आठवडाभर फुरंगटून बसली, मग मैत्रिणींचा सगळा गोतावळा व्हॉट्सॲपवर हलला, कारण ते यादीत नाही. रोब्लॉक्स हे गेमचं ॲपही यादीत नाही. यूट्यूब खात्याशिवाय बघता येतंच. म्हणजे गोदाकाठच्या प्रकरणातलं पहिलं पाऊल, गेममधली गाठभेट, या कायद्याने अडली नसती. तरी मला कायदा आवडला. "सगळ्यांकडे आहे, माझ्याकडेच नाही" हे भांडण घरातून गेलं, तेवढंच पुष्कळ.

उंबरा
भारतातही २०२३ चा डेटा संरक्षण कायदा अठराच्या आतल्या सगळ्यांना 'मूल' धरतो आणि पालकांची पडताळलेली संमती मागतो. मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायलाही त्यात मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण हा भाग लागू व्हायला दीड वर्षाची मुदत आहे. आणि संमती पडताळायची म्हणजे बाबांचा फोन घेऊन ओटीपी टाकायचा, जे पोरं आजही करतात.

वकीलमावशी
उशिरा आले. दुसरा प्रश्न जास्त तातडीचा आहे आणि त्यावर कुणीच लिहिलं नाही, म्हणून सविस्तर.

गोदाकाठ, सगळ्यात आधी: पैसे पाठवणं थांबवा. एकदा दिले की आकडा वाढतो, फोटो काही पुसला जात नाही. त्याला ब्लॉक करण्याआधी चॅट, प्रोफाइलचं नाव आणि लिंक, यूपीआय आयडी, व्यवहार क्रमांक यांचे स्क्रीनशॉट घ्या. खातं डिलीट करू नका, मुलं घाबरून नेमकं तेच करतात आणि पुरावा जातो. आणि तो फोटो कुणालाही, पुरावा म्हणूनही, फॉरवर्ड करायचा नाही. तुम्हाला नाही, मला व्यनितून (खासगी मेसेजमधून) नाही, शाळेच्या बाईंनाही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब असा मजकूर पाठवणाऱ्याला हेतू विचारत बसत नाही, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा मजकूर जवळ ठेवण्याबद्दलही कडक निकाल दिलाय. पालकांच्या ग्रुपवर "बघा काय चाललंय" म्हणून टाकणारे सज्जन यातच सापडतात. फोन जसा आहे तसा पोलिसांना दाखवायचा.

तक्रार: पैसे गेलेत म्हणून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन. जितका लवकर, तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवायची शक्यता जास्त. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर महिला व बालकांविषयीच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही कळवता येतं, पण पैशांचा तपास हवा असेल तर नावानिशी द्या. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहेच.

आता कायदा. मुलगा आहे म्हणून पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) लागत नाही, असं पुष्कळांना वाटतं. पोक्सो २०१२ चा कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर संगणकावर बनवलेलं किंवा फेरफार केलेलं चित्रही त्यात येतं, म्हणजे साध्या फोटोवरून एआयने नग्न फोटो बनवून धमकावलं तरी सुटका नाही. आणि पोक्सोचं कलम १९ नीट वाचा: असा गुन्हा झाल्याचं ज्याला माहीत आहे त्या प्रत्येकाने कळवायचं आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे (मुलांना त्यातून वगळलंय, तुमचा लेक सुरक्षित आहे). तुम्हाला काल कळलं. म्हणजे "सांगू की नको" हा प्रश्न कायद्याने तुमच्यापुरता निकालात काढलाय. फक्त आधी आईकडे जा, तिच्यासोबत पुढे.

गोदाकाठ
कलम १९ वाचून पोटात गोळा आला. आजच जाते तिच्याकडे. पण ती आणि तिचा नवरा बदनामीला फार घाबरणार. शाळेत कळलं तर, गल्लीत कळलं तर, हेच पहिलं बोलतील. त्यांना काय सांगू?

वकीलमावशी
हे सांगा. मुलाचं नाव, शाळा, पत्ता छापायला किंवा दाखवायला मनाई आहे, शाळेला कळवायचीही सक्ती नाही. त्याचा जबाब घरी किंवा त्याला हवं तिथे घेता येतो, घेणारा पोलिस गणवेशात नसावा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाची महिला अधिकारी असावी. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. जबाबाच्या वेळी आई किंवा त्याचा विश्वास असलेलं माणूस सोबत बसतं. ठाण्यात कुणी "आमच्या हद्दीतलं नाही" म्हणालं तर झीरो एफआयआर (हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायची तक्रार) म्हणा, ती घ्यावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. मी पाहिलेल्या बऱ्याच प्रकरणांत बदनामी पोलिसांमुळे कमी आणि नातेवाइकांच्या ग्रुपमुळे जास्त झालीय.

स्क्रू_ड्रायव्हर
फोटो पसरायची भीती आहे त्यावर एक तांत्रिक उपाय: 'टेक इट डाऊन' ही अमेरिकेतल्या नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉयटेड चिल्ड्रन या संस्थेची मोफत सेवा. फोटो कुठेही अपलोड होत नाही. मुलाच्या फोनवरच त्याचा ठसा म्हणून एक लांबलचक आकडा तयार होतो, तेवढाच जातो, आणि सहभागी कंपन्या त्या ठशाशी जुळणारा फोटो आपल्याकडून काढतात. इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट त्यात आहेत. व्हॉट्सॲपच्या खासगी मेसेजमध्ये मात्र त्याचा उपयोग नाही. फोटो मुलाच्याच फोनवर असेल तर आधी हे करून घ्या.

शमी
आणि त्या मुलाला कुणीतरी बोलायला द्या. टेली मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. सांगून झाल्यावर पोरांना बरं वाटेल असं आपण समजतो, पण पहिले काही दिवस त्यांना उलट जास्त लाज वाटते. त्या दिवसांत एकटं सोडू नका, खोलीचं दार लोटून बसू देऊ नका.

ताकभात
+१. आणि थोडं अवांतर, पण राहवत नाही. लाल गोल केलेल्या त्या लिस्टमध्ये आई, मावशी, मॅडम कशा सापडल्या? कारण आपणच मुलांच्या प्रत्येक फोटोत टॅग होतो. प्रगतीपुस्तक, गणवेशावरचा शाळेचा बिल्ला, "आज आमचं पिल्लू चौदाचं झालं", सोबत हॉलचं लोकेशन. अनोळखी माणसाला माहिती मुलगा पुरवत नाही, आपण पुरवतो. माझ्या नणंदेला हे म्हटलं तर तिने मलाच अनफ्रेंड केलं, ती गोष्ट वेगळी.

चहाबाज
बरं, रात्री तपासणं मी बंद करत नाही, पण लेकाला विचारून करेन. चहाच्या कपासोबत.

एकोणीस_पूर्ण
काका, त्याला आधी विचारा की कुठलं अकाउंट :)

गोदाकाठ
जाऊन आले. आई रडली, बाबा आधी पोरावर चढले, मग गप्प झाले. त्यांच्यासमोरच १९३० ला फोन लावला, तक्रारीचा नंबर मिळालाय. उद्या सकाळी ठाण्यात जायचंय. आता बाबांचा एकच धोशा: फोन जप्त झाला तर क्लासचं काय? टेस्ट सिरीज त्यावरच आहे. सगळं पुसून देऊ का म्हणाले, मी नको म्हटलंय.

वकीलमावशी
बरोबर केलंत, काहीही पुसायचं नाही, रीसेट तर मुळीच नाही. फोन तपासासाठी घेऊ शकतात. घेतला तर पंचनाम्यात आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) लिहिलाय ना बघा. नंतर न्यायालयात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर (हवा तेव्हा पुन्हा हजर करू अशी लेखी हमी देऊन) परत मागता येतो, वेळ लागतो. सिम कार्ड त्याच फोनसोबत जाईल असं धरून चाला, बँकेचा ओटीपी त्या नंबरवर येत असेल तर आज रात्रीच दुसरी सोय करा. टेस्ट सिरीजचं लॉगिन आईच्या फोनवर उघडून बघा, बहुतेक तिथे चालेल.